गॅप किती ठेवली होतीस?

नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. एका शहराच्या रस्त्यांचं मॉडेल माझ्याकडं सोपवलं होतं आणि काम सरळ होतं: अमुक एक रस्ता रुंद केला तर सगळ्या शहराचा मिळून किती प्रवासवेळ वाचेल ते काढायचं. मॉडेल दोनदा चालवायचं, एकदा रस्ता आहे तसा ठेवून आणि एकदा रुंद करून. मग वजाबाकी. मी केली, आणि उत्तर उणे आलं. रस्ता रुंद केल्यावर शहराचा एकूण वेळ चक्क वाढत होता.

मी खुर्चीतून उठलोच. कॉलेजात ब्रेसचा विरोधाभास शिकलो होतो. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की रस्त्यांच्या जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्यानं सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. शिकवायला वापरतात त्या उदाहरणात ४,००० गाड्यांना ६५ मिनिटं लागत असतात. मध्ये एक शून्य मिनिटांचा जोडरस्ता टाकला की जो तो आपल्या फायद्याचं बघतो आणि सगळ्यांची ८० मिनिटं होतात. मला वाटलं, आपल्या शहरात आपल्याला खराखुरा ब्रेस सापडला. छापील कागद घेऊन सरांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी आकड्यांकडं पाहिलंही नाही.

“गॅप किती ठेवली होतीस?”

“एक टक्का, सर.”

“मग ब्रेस राहू दे. आधी ती खाली आण.”

ही गॅप म्हणजे काय आणि तिच्यापायी एक बरा रस्ता वाईट कसा ठरतो, ते नीट कळायला मला बराच वेळ लागला. ते इथं मांडतो.

वाहतुकीचं मॉडेल मुळात काय शोधतं, तिथपासून सुरुवात करू. टोलनाक्यावर चार रांगा असल्या तर थोड्या वेळात त्या सारख्या होतात. कुणी शिट्टी मारून त्या सारख्या करत नाही. ज्याला आखूड रांग दिसते तो तिकडं सरकतो, एवढंच. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये हाच विचार रस्त्यांना लावला. वापरात असलेल्या सगळ्या वाटांना सारखाच वेळ लागतो, आणि जी वाट कुणी वापरत नाही तिला त्याहून कमी वेळ लागत नाही, अशी एक अवस्था असते. तिथं पोहोचल्यावर वाट बदलून कुणाचाच फायदा होत नाही. या अवस्थेला समतोल म्हणतात, आणि मॉडेलचं काम म्हणजे तो समतोल शोधणं.

गर्दीनं वेळ किती वाढतो याचंही एक सूत्र लागतं. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ पब्लिक रोड्सचं, १९६४ सालचं. गाड्यांची संख्या भागिले रस्त्याची क्षमता, त्याचा चौथा घात, गुणिले ०.१५. मोकळ्या रस्त्यावरचा वेळ तेवढ्या पटीनं वाढवायचा. चौथा घात म्हटल्यावर लक्षात येईल की गर्दी दुप्पट झाली तर वाढीव वेळ सोळा पट होतो.

आता एक छोटंसं गाव घेऊ, ज्यातून बाहेर पडायला दोनच रस्ते आहेत. पहिला सरळ, मोकळा असताना १० मिनिटांचा, क्षमता तासाला २,००० गाड्यांची. दुसरा वळशाचा, १५ मिनिटांचा, पण क्षमता ३,०००. तासाला ५,००० गाड्या निघतात. सगळ्या सरळ रस्त्यानं गेल्या तर त्यांना ६८.६ मिनिटं लागतील आणि शेजारचा वळशाचा रस्ता १५ मिनिटांत मोकळा पडलेला असेल. अर्थात लोक तिकडं वळतील. कॅल्क्युलेटर घेऊन थोडं मागंपुढं केलं तर समतोल सापडतो: पहिल्या रस्त्यावर साधारण २,७८८ गाड्या, दुसऱ्यावर २,२१२, आणि दोन्हीकडं १५.६६ मिनिटं.

इथं मला कॅल्क्युलेटरनं जमलं कारण रस्ते दोनच होते. फिलाडेल्फिया परिसराचं जे जाळं संशोधक चाचणीसाठी वापरतात त्यात रस्त्यांचे सुमारे ४० हजार तुकडे आहेत आणि दीड हजारांवर झोन, म्हणजे प्रवास मोजायला पाडलेले परिसराचे भाग. प्रत्येक झोनमधून दुसऱ्या प्रत्येक झोनमध्ये जाणाऱ्यांची वाट ठरवायची. तिथं अंदाजानं मागंपुढं करता येत नाही, पद्धत लागते.

सगळ्यात साधी पद्धत सरासरीची. प्रत्येक फेरीत आत्ताची सगळ्यात कमी वेळाची वाट कोणती ते पाहायचं, सगळ्या गाड्या त्या वाटेवर टाकून पाहायच्या, आणि आतापर्यंतच्या अशा सगळ्या वाटपांची सरासरी घ्यायची. आपल्या दोन रस्त्यांच्या गावात हे करून पाहिलं तर पहिल्या रस्त्यावरची संख्या फेरीगणिक अशी जाते: ५,०००, मग २,५००, ३,३३३, २,५००, ३,०००, २,५००, २,८५७, २,५००, २,७७८. नववी फेरी, आणि खऱ्या उत्तरापासून फक्त दहा गाड्या लांब. वा! पण थांबू नका. दहावी फेरी: ३,०००. अकरावी: २,७२७. बारावी: २,९१७.

म्हणजे ही पद्धत उत्तराला हात लावते आणि पुन्हा पळून जाते, अंगणात कबड्डी खेळल्यासारखी. कारण साधं आहे. तिला दहा गाड्या हलवता येत नाहीत. ती दर वेळी पाचच्या पाच हजार गाड्या एका बाजूला ढकलते आणि सरासरीचं वजन वाढत जाईल तसा त्या ढकलण्याचा जोर कमी होतो. शंभराव्या फेरीलाही एका फेरीत २२ ते २८ गाड्या इकडून तिकडं जातच असतात. हजाराव्या फेरीला दोन-तीन. अचूकता दहापट हवी तर फेऱ्या दहापट. शिवाय पहिल्या फेरीत आंधळेपणानं चुकीच्या वाटेवर टाकलेली गाडी शंभराव्या फेरीतही एक टक्का तिथंच बसलेली असते. चार रस्त्यांचं जाळं असेल तर खपून जातं. ४० हजार तुकड्यांच्या जाळ्यात असे कधीच न उचललेले उष्टे कण सगळीकडं पसरलेले असतात.

यापुढची पायरीही जुनीच आहे. मार्टिन बेकमन, सी. बी. मॅकग्वायर आणि ख्रिस्तोफर विन्स्टन यांनी १९५६ मध्ये दाखवलं की हा समतोल शोधणं म्हणजे एका विशिष्ट, खोलगट वाडग्यासारख्या गणिती फलाचा तळ शोधणं आहे. एकदा प्रश्न तळ शोधण्याचा झाला की ऑप्टिमायझेशनची सगळी अवजारं उघडी होतात. त्याच वर्षी मार्गरीट फ्रँक आणि फिलिप वुल्फ यांनी वेगळ्याच कारणासाठी एक पद्धत मांडली होती, ती पुढं १९७० च्या दशकात वाहतुकीला लावली गेली आणि अनेक दशकं सॉफ्टवेअरमध्ये तीच चालली. ती सरासरीपेक्षा शहाणी आहे, कारण किती ढकलायचं ते ती दर फेरीला मोजून ठरवते. पण सगळ्या शहरासाठी ढकलण्याचं प्रमाण एकच. एका झोनच्या लोकांना जागेवरून हलायची गरज नसते, दुसऱ्यांना पाच टक्के हलायचं असतं, आणि सगळ्यांना सारखंच हलवलं जातं. तळाजवळ आल्यावर ती नागमोडी चालायला लागते. सुरुवातीला झपाझप उतरते आणि शेवटचा टप्पा संपता संपत नाही.

मग थांबायचं कधी? इथं गॅप येते.

कुठल्याही फेरीला दोन बेरजा करा. एक: सगळ्या गाड्या आत्ता ज्या वाटांवर आहेत त्या वाटांचा एकूण वेळ. दोन: प्रत्येक गाडी आत्ताच्या परिस्थितीतल्या सगळ्यात कमी वेळाच्या वाटेनं गेली असती तर झालेला एकूण वेळ. समतोलात या दोन्ही सारख्या असायला हव्यात. त्यांच्यातला फरक भागिले पहिली बेरीज, ही झाली सापेक्ष गॅप. आपल्या गावात पहिल्या रस्त्यावर ३,००० गाड्या असल्या तर गॅप ७.७ टक्के. २,८०० असल्या तर ०.४ टक्के. २,७८९ असल्या तर ०.०३ टक्के. म्हणजे या गावापुरतं बोलायचं तर ०.४ टक्के गॅप म्हणजे बारा गाड्या चुकीच्या रस्त्यावर, आणि ०.०३ टक्के म्हणजे एखादी गाडी. ०.४ टक्का ऐकायला किती छान वाटतं! ९९.६ टक्के बरोबर. परीक्षेत कुणाला एवढे मिळाले तर पेढे वाटतील.

आता रस्ता रुंद करू. फार नाही. सरळ रस्त्याची क्षमता २,००० वरून २,०२० केली, एखादं वळण सुधारलं म्हणा. नवा समतोल काढला तर पहिल्या रस्त्यावर २,८१२ गाड्या येतात आणि वेळ १५.६६ वरून १५.६४ मिनिटांच्या आसपास उतरतो. प्रत्येक गाडीचे पावणेदोन सेकंद वाचले. पाच हजार गाड्यांचे मिळून तासाला १४४ गाडी-मिनिटं. हा या सुधारणेचा खरा फायदा. ७८,३२५ गाडी-मिनिटांच्या एकूण वेळात तो ०.१८ टक्के आहे.

आणि बारा गाड्यांची चूक? मूळ गावात पहिल्या रस्त्यावर २,७८८ ऐवजी २,८०० गाड्या असताना मॉडेल थांबवलं तर एकूण वेळ २४१ गाडी-मिनिटांनी जास्त दिसतो. चूक दुसऱ्या बाजूला झाली, २,७७६ वर थांबलो, तर २३८ गाडी-मिनिटांनी कमी. मोजायचा आहे १४४ चा फरक आणि पट्टीच हलतेय २४० नं, दोन्ही दिशांना. मूळ मॉडेल नेमकं समतोलावर थांबलं आणि सुधारलेलं मॉडेल बारा गाड्या पुढं जाऊन थांबलं, की वजाबाकी उणे ९१ येते. रस्ता सुधारल्यानं वेळ वाढला! आणि हे तर असं गाव आहे जिथं ब्रेसचा विरोधाभास घडूच शकत नाही. एकूण गाड्या तेवढ्याच असतील तर दोन समांतर रस्त्यांपैकी एक सुधारल्यानं समतोलाचा वेळ वाढत नाही.

माझं नेमकं हेच झालं होतं. गॅप शंभरपट खाली आणली, मॉडेल रात्रभर चालू ठेवलं, आणि सकाळी उणे चिन्ह गेलेलं होतं. कागद मी मुकाट्यानं फाडला.

खऱ्या शहरात हे किती गंभीर असतं याचा एक चांगला अभ्यास डेव्हिड बॉइस, बिलियाना रालेविच-डेकिच आणि हिलेल बार-गेरा यांनी २००४ मध्ये केला. फिलाडेल्फियाच्याच परिसरात, नदीपलीकडं न्यू जर्सीत, दोन महामार्गांना जोडणारे नवे रॅम्प प्रस्तावित होते. त्यांनी रॅम्पसह आणि रॅम्पविना असं मॉडेल वेगवेगळ्या गॅपला थांबवून पाहिलं. गॅप ढिली असताना कुठल्या रस्त्यावर किती गाड्या वाढतील किंवा कमी होतील याचे आकडे डळमळत राहतात. ते स्थिरावायला गॅप ०.०१ टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा हजारांत एक इतकी खाली आणावी लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ब्रिटनमध्ये सरकारी मार्गदर्शनात ०.१ टक्क्याची मर्यादा धरलेली आहे. माझं वैयक्तिक मत बॉइस मंडळींच्या बाजूनं आहे, कारण संगणकाचा वेळ आता स्वस्त झालाय आणि रस्ते अजून महागच आहेत.

इथं शहाणा वाचक हटकून एक प्रश्न विचारतो, आणि तो बरोबर आहे. बाबा रे, किती गाड्या निघतात हेच तुला पाच-दहा टक्क्यांनी चुकलेलं माहितीये, क्षमतेचे आकडे अंदाजाचे, लोक काय घड्याळ लावून वाट निवडत नाहीत. मग ०.०१ टक्क्याचा सोस कशाला? शेण्या मोजायला सोन्याचा तराजू?

याचं उत्तर वजाबाकीत आहे. माहितीतली चूक दोन्ही मॉडेलांत तीच असते. आपल्या गावात ५,००० ऐवजी ५,२५० गाड्या धरल्या तर सुधारणेचा फायदा १४४ ऐवजी साधारण १९५ गाडी-मिनिटं येतो. आकडा बदलला, बराच बदलला, पण दिशा तीच राहिली आणि अंदाजही त्याच घरातला. गाड्यांच्या संख्येतली चूक दोन्ही पारड्यांत बसली आणि बरीचशी एकमेकींना खाऊन गेली. समतोलापर्यंत न उतरलेल्या मॉडेलची चूक तशी नसते. ती दोन धावांमध्ये वेगवेगळी असते, एकीत पुढं, दुसरीत मागं, आणि वजाबाकीत उरून दिसते. किराणा दुकानदाराचा काटा नेहमीच ५० ग्रॅम जास्त दाखवत असेल तर भरलेल्या डब्यातून रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं की डाळीचं वजन बरोबर येतं. काटा दर वेळी वेगळी थाप मारत असेल तर मात्र काही खरं नाही.

आतापर्यंत जे बोललो ते सगळं लवकर थांबण्याच्या चुकीबद्दल. अचूकतेची दुसरी भानगड संगणकाच्या आत असते, आणि लोक या दोन्हींची सारखी सरमिसळ करतात. “आमचं सॉफ्टवेअर डबल प्रिसिजनमध्ये आहे”, म्हणजे प्रत्येक आकड्याचे पंधरा-सोळा अंक जपतं, असं कुणी अभिमानानं सांगितलं म्हणून त्याचं मॉडेल समतोलाला पोहोचलं असं होत नाही. बारा गाड्यांची चूक सोळा अंकांपर्यंत अचूक छापता येते.

तरी ही दुसरी भानगडही बघू, कारण गॅप खूप खाली नेली की ती डोकं वर काढते. आपण एक तृतीयांश दशांशात लिहू शकत नाही, ०.३३३ करत कुठंतरी थांबतो. संगणक आकडे दोनच्या घातांत लिहितो आणि त्याला एक दशांशसुद्धा पूर्ण लिहिता येत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ ची बेरीज तो ०.३०००००००००००००००४ अशी देतो. सिंगल प्रिसिजनमध्ये साधारण सात अंक टिकतात, डबलमध्ये पंधरा-सोळा. सिंगलमध्ये १,६७,७७,२१६ या आकड्यात एक मिळवला तर बेरीज तेवढीच राहते. संगणकाच्या लेखी पुढचा आकडा थेट १,६७,७७,२१८ असतो. वीस लाख प्रवास, सरासरी तीस मिनिटांचे, म्हणजे सहा कोटी गाडी-मिनिटं. त्या उंचीवर सिंगल प्रिसिजनचे आकडे चार-चारच्या उड्या मारतात. मध्ये काही नाहीच. मेमरी वाचवायला किंवा ग्राफिक्स कार्डावर वेग मिळवायला लोक सिंगल वापरतात, आणि खरं सांगायचं तर ०.०१ टक्के गॅपसाठी तेवढं बहुधा पुरतं. सहा कोटींचा दहा हजारावा भाग म्हणजे सहा हजार, चारच्या उड्यांनी त्याचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते त्याच्याही खाली. फ्रँक-वुल्फनंतर आलेल्या पद्धती गाड्या झोनागणिक, वाटेगणिक हलवतात. रॉबर्ट डायल यांची २००६ सालची, बार-गेरा यांची २०१० सालची. त्या गॅप लाख कोटीत एक इतकी खाली नेऊ शकतात, म्हणजे दशांशचिन्हानंतर अकरा शून्यं आणि मग एक. आता गॅपची व्याख्या आठवा: दोन प्रचंड बेरजांमधला फरक. दोन्ही बेरजांचे पहिले बारा-तेरा अंक जुळत असतील तर वजाबाकीत ते सगळे उडतात आणि उरतात शेवटचे दोन-तीन, जे आधीच गोळाबेरीज करून मळलेले असतात. गॅप मग उणे दिसायला लागते, जे व्याख्येनंच अशक्य आहे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी अर्धा दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होतो.

उपाय हिशेबनिसाला सुचेल असा आहे. दोन मोठ्या बेरजा करून मग वजा करण्यापेक्षा आधी प्रत्येक वाटेपाशी वजा करा: ही वाट सगळ्यात कमी वेळाच्या वाटेपेक्षा किती जास्त घेते? तो छोटा फरक गुणिले त्या वाटेवरच्या गाड्या, आणि मग यांची बेरीज. छोटे आकडे छोट्या आकड्यांत मिसळतात, मोठ्यांखाली चेंगरत नाहीत. आणि बेरीज लांबलचक असेल तर विल्यम कॅहन यांची १९६५ सालची युक्ती आहे. दर बेरजेत जे सुट्टे पैसे गळतात ते वेगळ्या खिशात ठेवायचे आणि पुढच्या बेरजेत परत टाकायचे. संगणकातल्या अपूर्णांकांच्या हिशेबाचं जे मानक आज जवळपास सगळीकडं चालतं, ते १९८५ चं मानक घडवण्यात याच कॅहन यांचा मोठा हात होता.

एक गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. समतोल म्हणजे वाटांची बरोबरी. त्यामुळं पद्धत जितकी उत्तराजवळ जाते तितक्या जास्त वाटा सारख्या वेळाच्या होत जातात, आणि “सगळ्यात कमी वेळाची वाट कोणती?” या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या अंकावर ठरायला लागतं. तो शेवटचा अंक बेरजेच्या क्रमावर अवलंबून असतो. चार प्रोसेसरना काम वाटून दिलं आणि बेरजा वेगळ्या क्रमानं झाल्या तर तेच मॉडेल, तीच माहिती, पण वाट वेगळी निवडली जाते. आणि पद्धत जर पाचच्या पाच हजार गाड्या एका वाटेवर टाकणारी असेल तर सोळाव्या अंकातल्या धुळीनं त्या फेरीत पाच हजार गाड्यांचं तोंड फिरतं. मॉडेल नीट खाली उतरू दिलं तर हा फरक विरून जातो. एक टक्क्याला थांबवलं तर दोन संगणकांवर दोन उत्तरं येतात आणि मग मीटिंगमध्ये कुणाचं खरं यावर तासभर जातो.

घातानंही त्रास होतो. चौथा घात ठीक आहे, पण काही लोक महामार्गांसाठी दहावा, बारावा घात वापरायचे. हाइन्झ स्पीस यांनी १९९० मध्ये यावर बोट ठेवलं. पद्धतीच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत एखाद्या रस्त्यावर क्षमतेच्या तिप्पट गाड्या सहज पडतात. तीनचा बारावा घात ५,३१,४४१. मिनिटाचा रस्ता असेल तर पाव-अर्ध्या गुणकानं गुणूनही तो पार करायला कित्येक महिने लागतात. उलट रिकाम्या रस्त्यावर, क्षमतेच्या एक टक्का गाड्या असताना, बारावा घात इतका चिमुकला होतो की एकात मिळवला तरी डबल प्रिसिजनला त्याचा पत्ता लागत नाही. अशा रस्त्यावर एक गाडी असो की दहा, संगणकाला वेळ तोच दिसतो. स्पीस यांनी त्याऐवजी शंकूच्या छेदावर आधारलेलं, दोन्ही टोकांना शहाण्यासारखं वागणारं सूत्र सुचवलं.

आणि शेवटी त्या उणे गाड्या. वाटेवरून गाड्या काढत काढत शून्यापाशी आलं की वजाबाकी कधी कधी शून्याच्या जरा खाली जाते, आणि वाटेवर उणे ०.०००००००००००००३ गाड्या उरतात. सूत्रात घात चार असेल तर कुणाला कळतही नाही. घात ४.५ असेल तर उणे संख्येचा तसा घात निघत नाही, संगणक तिथं “ही संख्याच नाही” असा शेरा मारतो, तो शेरा पुढच्या प्रत्येक बेरजेत शिरतो, आणि काही क्षणांत सगळं शहर “संख्याच नाही” होऊन बसतं. म्हणून चांगल्या कोडमध्ये एक ओळ असतेच: शून्याच्या खाली गेलं तर शून्य कर.

या क्षेत्रातला प्रत्येक नवा माणूस आपली पद्धत पहिल्यांदा सू फॉल्सच्या जाळ्यावर तपासतो. सू फॉल्स हे अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातलं शहर. त्याच्या नावाचं हे जाळं फक्त २४ चौक आणि ७६ तुकड्यांचं आहे, आणि १९७५ पासून ते शोधनिबंधांत फिरतंय. बेकमनच्या वाडग्याचा तळ तिथं किती खोल आहे, याचं उत्तर लाखाच्या एककात असं छापलेलं असतं: ४२.३१३३५२८७१०७४४०. सोळा अंक, डबल प्रिसिजनला पेलतील तेवढे सगळे. आणि ज्या संग्रहात हा आकडा दिलाय तिथंच शेजारी स्पष्ट लिहिलंय की हे जाळं वास्तवाला धरून आहे असं समजू नये.